बसत नाही ते नेमकं काय? जुनी पद्मिनी आणि नवे सुटे भाग

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

विषय गॅरेजमधला आहे, त्यामुळे भाषाही अधूनमधून गॅरेजची येईल. जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून एक वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतं: "नवीन पार्ट आणला, पण बसतच नाही." पुढचं वाक्य ठरलेलं: "सगळा डुप्लिकेट माल." आणि त्यानंतर ग्राइंडर सुरू होतो. मला आज तुम्हाला या दुसऱ्या वाक्याच्या आणि ग्राइंडरच्या मधे थोडा वेळ थांबवायचं आहे. ग्राइंडर फिरला की पुरावा गेला. पार्ट चुकीचा होता की गाडीच वाकडी होती, हे मग कोणालाही सांगता येत नाही. दुकानदार पार्ट परत घेत नाही, आणि पुढचा पार्ट आणला तर तोही बसत नाही.

सगळ्या गाड्यांबद्दल एकदम बोललो तर हाताला काही लागणार नाही, म्हणून आज एकच गाडी धरतो, प्रीमियर पद्मिनी. आपल्याकडची गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. फियाटच्या ११०० गाड्या त्यांनी पन्नाशीच्या दशकात इथे आणायला सुरुवात केली. त्यातली जुनी गोलसर गाडी म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. १९६४ च्या सुमारास चौकोनी अंगाची '११०० डिलाइट' आली, फियाटशी करार संपल्यावर तीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. उत्पादन थांबलं ते २००० च्या आसपास. म्हणजे मूळ अंग तेच ठेवून पस्तीस-एक वर्षं ही गाडी बनत राहिली. इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगतो, की "पद्मिनीचा पार्ट द्या" हे वाक्य दुकानात अर्धवट आहे. पस्तीस वर्षांत जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला, दिवे बदलले. गियरचा दांडा आधी स्टिअरिंगच्या कॉलमवर होता, नंतरच्या गाड्यांत खाली आला. नाव एकच, पण भोकांच्या जागा एक नाहीत. कित्येकदा पार्ट अगदी बरोबर बनलेला असतो, फक्त तो तुमच्या सालच्या गाडीचा नसतो. त्यात मधल्या काळात कोणीतरी अपघातानंतर एका गाडीचं पुढचं तोंड दुसऱ्या गाडीला लावलेलं असतं. आरसी बुकात एक साल, पत्र्यावर दुसरं. ही तपासणी पहिली, आणि ती फुकट आहे. आपल्यासारखीच, त्याच सालची, न उघडलेली गाडी शोधा आणि फोटो काढा. एक दुपार जाते, एवढंच.

आता समजा, साल बरोबर आहे आणि तरीही पार्ट बसत नाही. का बसत नाही?

एक गोष्ट आपण विसरतो. त्या काळात गाड्या कारखान्यातसुद्धा आपसूक जुळत नव्हत्या. आज रोबो वेल्डिंग करतो आणि हजारावी गाडी पहिलीसारखीच निघते. साठ-सत्तरच्या दशकात दरवाजे बसवणं हे माणसाचं काम होतं. तो बिजागरी थोडी वाकवायचा, मागे पत्र्याची चकती घालायचा, गुडघा लावून दरवाजा दाबायचा, लाकडी ठोकळा आणि हातोडी वापरायचा. हे आपल्याकडेच नाही, इंग्लंड-इटलीतही असंच चालायचं. म्हणजे तुमच्या गाडीचा मूळ दरवाजासुद्धा शेजारच्या गाडीला सरळ बसेल याची खात्री नाही. मग नवा, दुसऱ्याच कोणी बनवलेला दरवाजा न ठोकता बसावा ही अपेक्षा कुठून आली? कारखान्यातला तो फिटर आता नाही. त्याचं काम आपल्यालाच करायचंय, एवढं आधी मनाशी मान्य करू.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. एमजीबी नावाची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० बनली. ती बंद झाल्यावर काही वर्षांनी ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने तिचे मूळ डाय आणि जिग जमा केले, आणि १९८८ मध्ये त्याच अवजारांवर नवी कोरी बॉडी बनवून विकायला सुरुवात केली. सुट्या भागांच्या जगात याहून अस्सल काही असू शकत नाही. तरीही या बॉडीला दरवाजे, बॉनेट, मडगार्ड बसवताना माणसाला दिवसचे दिवस जुळवाजुळव करावीच लागते. डाय मूळचा असला तरी डाय झिजतो. आपल्या पद्मिनीच्या नशिबी तर मूळ डायचे भागही बहुतेकदा नसतात. आपल्याला मिळते ती नक्कल.

नक्कल कशी होते ते नीट समजून घेऊ, कारण बहुतेक न बसण्याचं मूळ इथेच आहे.

समजा, हेडलाइटभोवतीची कडी हवी आहे. कारागीर एक जुनी कडी घेतो, वाळूत दाबतो, तिचा साचा करतो आणि त्यात ॲल्युमिनियम ओततो. गरम धातू थंड होताना आकसतो. हे ओतकाम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पॅटर्न बनवणाऱ्यांची मापपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा मोठा असतो. बिडाला मीटरमागे साधारण १० मिमी धरतात, ॲल्युमिनियमला साधारण १३. पण इथे पॅटर्न म्हणून खरी कडीच वापरली, वाढ धरलीच नाही. कडी २०० मिमी रुंद असेल तर नक्कल २.६ मिमी लहान निघाली. आता कोणीतरी ही नक्कल बाजारातून घेतो आणि तिच्यावरून पुढची नक्कल काढतो. ती ५ मिमीच्या वर लहान. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, पण स्क्रूच्या भोकांना फरक कळतो. डिकीवरच्या नावाच्या पट्टीचंही तेच. दोन खिळ्यांमधे १५० मिमी अंतर असेल तर नकलेत २ मिमी कमी, आणि आपण म्हणतो, "भोकं चुकीच्या जागी पाडली." भोकं बरोबर पाडली होती हो, सगळाच तुकडा लहान झालाय.

म्हणून असा भाग हातात आला की फक्त एका भोकाची जागा बघू नका. दोन-तीन अंतरं मोजा. सगळी अंतरं सारख्याच प्रमाणात कमी असतील तर तो आकसलेला भाग आहे. तिथे भोक लांबट करून भागतं, पण कडा उघड्या पडतील का ते आधी बघा. एकच अंतर चुकलं असेल तर ती बनवणाऱ्याची चूक, आणि ती दुरुस्त करणं सोपं.

रबराचंही असंच. साच्यातून काढल्यावर रबर साधारण दीड-दोन टक्के आकसतं, आणि नमुना म्हणून दिलेलं रबर तीस वर्षं उन्हात आधीच आकसून, कडक होऊन बसलेलं असतं. पेडलची टोपी पेडलवर चढत नाही ती यामुळे. गरम पाण्यात बुडवून चढवली की बसते, इथे फार तत्त्वज्ञान नको.

पत्र्याची गोष्ट वेगळी. पत्रा वाकवला की थोडा परत उलगडतो, स्प्रिंगसारखा. किती उलगडेल ते पत्र्याची जाडी आणि जात यांवर ठरतं. २० गेजचा पत्रा ०.९ मिमीचा, २२ गेजचा ०.७ मिमीचा. डाय एका पत्र्यासाठी केला आणि माल दुसरा वापरला, की कमान थोडी सपाट येते. मडगार्डवर हे लगेच कळतं: दोन्ही टोकं बोल्टला लागतात आणि मधला भाग हवेत राहतो.

इथपर्यंत सगळा दोष पार्टचा होता. आता गाडीकडे वळू, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. अंग हाच सांगाडा. दरवाज्याखाली जी पोकळ पेटी लांबीला जाते, जिला सिल म्हणतात, ती गाडीचा कणा समजा. मुंबई-कोकणच्या हवेत ही पेटी आतून गंजते. बाहेरून रंग छान, आत पापुद्रे. कणा गेला की गाडी मधे बसते. मधे बसली की पुढच्या दरवाज्याची चौकट वरच्या बाजूला अरुंद होते, पुढचा खांब मागे कलतो. फरक चार-सहा मिलिमीटरचाच असतो, डोळ्यांना दिसत नाही. आणि मग आपण अशा गाडीला अगदी बरोबर मापाचा नवा दरवाजा लावतो!

एक उदाहरण सांगतो. एका गृहस्थांनी पद्मिनीसाठी डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड आणलं. बॉनेटच्या बाजूने ठीक. दरवाज्याच्या बाजूला फट वर ३ मिमी आणि खाली ९. डेंटर म्हणाला, मडगार्ड वाकडं आहे, खाली पट्टी जोडतो आणि वर घासतो. दिसायला तर तसंच दिसत होतं. आम्ही दरवाज्याच्या चौकटीचे कर्ण मोजले. पुढच्या खांबाच्या वरच्या कोपऱ्यापासून मधल्या खांबाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडचा कर्ण ६ मिमी कमी भरला. मग उलगडा झाला. डावी सिल कधीतरी बदलली होती, तीही गाडी चुकीच्या जागी जॅकवर उचलून, आणि दरवाजे काढून ठेवलेले असताना. सांगाडा वाकला त्याच अवस्थेत वेल्डिंग झालं. खांब मागे कलला, दरवाज्याची मागची कड खाली आली. ती लॉकला लागावी म्हणून कोणीतरी बिजागऱ्या वाकवून दरवाजा वर फिरवला. दरवाजा असा फिरला की त्याची पुढची वरची कड पुढे जाते आणि खालची मागे. म्हणून मडगार्डजवळ वर फट कमी, खाली जास्त. मडगार्ड बिचारं सरळ होतं. सिलचं वेल्डिंग उघडून, कर्ण जुळवून, पुन्हा टाके मारल्यावर तेच मडगार्ड वर ५ आणि खाली ६ मिमीवर आलं. ते कापलं असतं तर सात-आठ हजारांचा पार्ट गेला असता हे एक, आणि गाडी वाकडीच राहिली असती हे दुसरं.

तर पार्टवर निकाल देण्याआधी गाडी मोजायची. महागडं यंत्र लागत नाही. आपल्या गवंड्याचा ओळंबा आणि खडू पुरतो. गाडी सपाट फरशीवर चाकांवर उभी करा, नाहीतर सस्पेन्शनच्या जागी स्टँड लावा. मधे जॅक लावायचा नाही. खाली सस्पेन्शन जिथे बोल्टने जोडलंय त्या जागा पक्क्या असतात, कारखान्याने तिथेच सगळ्यात जास्त काळजी घेतलेली असते. त्या प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करा. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि खुणांमधले कर्ण दोरीने मोजा. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखं यायला हवं. त्यानंतर दरवाज्यांच्या चौकटी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या, तेवढा कारखान्यातूनच आलेला असू शकतो. त्याहून जास्त असेल तर पार्टची पिशवी उघडूच नका.

आणि सिल कापायचीच असेल तर आधी दरवाज्याच्या चौकटीत आडव्या-तिरक्या सळया वेल्ड करून चौकट बांधून टाका. कापायच्या आधी. हे मी मुद्दाम पुन्हा म्हणतोय, कारण दर पाच गॅरेजपैकी चार ठिकाणी ते "नंतर बघू" असतं.

आता बिजागरी. हे गणित छोटं आहे, पण यावर बरेच पैसे वाचतात. समजा, दोन बिजागऱ्यांमधे ३५० मिमी अंतर आहे आणि दरवाजा ९०० मिमी लांब आहे. वरच्या बिजागरीची पिन अर्धा मिलिमीटर झिजली, तर मागची कड किती खाली येईल? अर्धा गुणिले ९०० भागिले ३५०, म्हणजे सुमारे १.३ मिमी. अडीचपट. उलटही खरं. खालच्या बिजागरीमागे १ मिमीची चकती घातली तर मागची कड सुमारे अडीच मिमी वर येते. जिथे बिजागरी बोल्टची आहे आणि चकतीला जागा आहे, तिथे हा उपाय दहा रुपयांत होतो. वेल्ड केलेली असेल तर पिन आणि बुश बदला. दरवाजा थोडा उघडा, खालून हाताने उचला, टकटक आवाज येतो का बघा. येत असेल तर नवा दरवाजा आणण्याआधी पिन बदला, कारण नवा दरवाजाही त्याच पिनवर लटकणार आहे.

यानंतर क्रम. सुरुवात मागून करायची. मागचं क्वार्टर, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, वेल्ड केलेला असतो, तो हलत नाही. म्हणून आधी मागचा दरवाजा त्याच्याशी जुळवा, मग पुढचा दरवाजा मागच्या दरवाज्याशी, मग मडगार्ड, आणि सगळ्यात शेवटी बॉनेट. बरेच जण पुढून सुरू करतात, कारण पुढचं तोंड दिसायला छान. मग सगळ्या चुका जमत जमत मागच्या दरवाज्याशी येतात आणि तिथे हलवायला काहीच उरलेलं नसतं.

हे सगळं रबर न लावता. पत्र्याला पत्रा जुळला की मगच रबर. दरवाजा लागत नाही या तक्रारीत निम्म्या वेळा पत्रा निर्दोष असतो, दोष बीडिंगचा असतो. मूळ रबर स्पंजासारखं मऊ, दबणारं. बाजारात मिळतं ते बऱ्याचदा भरीव आणि कडक. ते दबतच नाही, दरवाजा मागे फेकतं. मग लॉकची पट्टी बाहेर सरकवतात, दरवाजा लागतो, पण कड पत्र्याच्या बाहेर येऊन बसते.

किती जाडीचं रबर हवं ते ओळखायला सोपी युक्ती आहे. मुलं खेळतात ती रंगीत माती घ्या, प्लॅस्टिसिन. तिचे छोटे गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून चौकटीत दर वीतभर अंतरावर चिकटवा. दरवाजा हव्या त्या जागेपर्यंत बंद करा. उघडा, आणि प्रत्येक गोळा किती जाड राहिला ते मोजा. कुठे ६ मिमी, कुठे ११ निघेल. एवढा फरक असेल तर जगातलं कुठलंच रबर चालणार नाही, आधी पत्रा सुधारा. सगळीकडे ८-९ असेल तर १२ मिमीचं मऊ स्पंज रबर घ्या, ते तिसऱ्या हिश्शाने दबेल आणि पाणी अडवेल. बसवल्यावर कागदाची पट्टी दरवाज्यात धरून ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे.

पुढच्या काचेच्या रबराला एकच सूचना. काच किती मिमीची आहे ते मोजून मग रबर घ्या. ५ मिमीच्या खाचेत ६ मिमीची काच कोंबली की ती एका कोपऱ्यात ताणावर राहते आणि एखाद्या थंड सकाळी आपोआप तडकते. लोक म्हणतात, दगड लागला.

बरं, सगळं मोजलं, गाडी सरळ निघाली, पार्टच चुकीचा आहे. मग बदल कशात करायचा? माझं मत स्पष्ट आहे: बदल नव्या पार्टमध्ये, गाडीत नाही. गाडीवरचं भोक मोठं केलं की ते कायमचं.

आणि जुना पत्रा भंगारवाल्याला देऊ नका. निदान गाडी रंगवून बाहेर पडेपर्यंत तरी. गंजून चाळण झालेल्या मडगार्डच्या वरच्या कडा, बोल्टच्या जागा आणि कमान शाबूत असतात. ते तुमचं एकमेव अस्सल माप आहे. पुष्कळदा शहाणपणाचं काम असं असतं, की नव्या मडगार्डचा फक्त खालचा वीतभर तुकडा कापायचा आणि जुन्या मडगार्डला जोडायचा. गंज खालीच असतो आणि वरचा मूळ भाग बसतोच, कारण तो या गाडीवर आधीच बसलेला होता. याला डेंटर कुरकुर करतो, काम जास्त आहे. पण जुळवाजुळवीचे चार दिवस वाचतात.

दरवाज्याची कड कमी पडत असेल तर पुट्टी भरू नका. दरवाजा दिवसातून दहा वेळा आपटतो, कडेची पुट्टी सहा महिन्यांत टवका होऊन पडते. कडेवर दोन-तीन मिमीची तार वेल्ड करा, थोडी थोडी, जागा बदलत, नाहीतर पत्रा उष्णतेने लाटा घेईल. मग कानशीने घासून फट आणा. परदेशात आणि आपल्याकडच्या जुन्या कारागिरांतही शिसं भरायची पद्धत होती. ती टिकते, पण शिशाची धूळ विषारी, त्यामुळे ते कोरडं घासायचं नाही आणि घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जायचंच नाही.

फट ठरवताना रंगाचा हिशोब धरा. कारखान्याचा रंग एक-दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो. आपल्याकडे प्रायमर, पुट्टी, पुन्हा प्रायमर, रंग, वरून क्लिअर धरून कडेला अर्धा मिमी सहज होतो. दोन्ही कडांचा मिळून एक. उघड्या पत्र्यावर ४ मिमी दिसणारी फट रंगानंतर ३ होते, आणि दरवाजा उघडताना नवा रंग सोलतो.

आता जरा गंभीर मुद्दा. आतापर्यंत मी जुळवून घ्या, घासा, चकती घाला असं म्हणालो. ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलच्या लायनीला हे काहीही लागू नाही. तिथे पार्ट घासून बसवायचा नाही. बसला नाही तर परत.

तिथे आणखी एक धोका आहे: पार्ट छान बसतो, आणि तरीही चुकीचा असतो. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं. त्याला चालणारं रबर वेगळं आणि इंजिन ऑइल-पेट्रोलला चालणारं वेगळं. व्हील सिलिंडरच्या किटमधली वाटी चुकीच्या रबराची असेल तर पहिल्या दिवशी अगदी बरोबर बसते. काही आठवड्यांत फुगते, ब्रेक सुटत नाही, चाक गरम होतं. पेट्रोलचंही तसंच. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर यायला लागलं. जुन्या प्रकारच्या रबराची नळी आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यात टिकेलच असं नाही. वर्षानुवर्षं दुकानात पडलेला 'ओल्ड स्टॉक' अस्सल असतो म्हणून लोक जास्त पैसे देतात. दिव्याच्या काचेसाठी जरूर द्या. रबरासाठी देऊ नका, रबर पिशवीतसुद्धा म्हातारं होतं.

ब्रेक शूची एक तपासणी घरी करता येते. ड्रम लेथवर घासून मोठा केलेला असतो आणि नवा शू मूळ मापाचा येतो. मग शूचा फक्त मधला भाग ड्रमला टेकतो. ड्रमच्या आत खडू लावा, शू टेकवून फिरवा, आणि शूवर खडू कुठे उमटला ते बघा. मधेच उमटला तर ड्रमच्या वाढलेल्या मापाप्रमाणे नवं लायनिंग लावून गोलाई करून देणारा जाणकार शोधा. नवे शू घालूनही ब्रेक लागत नाहीत ही तक्रार बऱ्याचदा इथली असते.

खरेदीबद्दल दोन शब्द. मुंबईत ऑपेरा हाउस, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, कुठेही जा, हात हलवत जाऊ नका. जुना पार्ट पिशवीत न्या. मोठा असेल तर पुठ्ठ्यावर कड आखून, भोकं पाडून न्या. दुकानातच पुठ्ठा ठेवून बघा. "रंग न लावता, न कापता परत आणला तर घ्याल का?" हे आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. यामुळेच मी म्हणतो, प्रायमर मारायच्या आधी बसवून बघा.

दुकानदारावर सगळा राग काढू नका. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. त्या टॅक्सींच्या जोरावर वर्षानुवर्षं क्लचप्लेट, ब्रेक, बुश यांचा माल खपत होता. आता गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही हौशी. एवढ्या थोड्या मागणीसाठी कोणी पोलादी डाय करणार नाही. जो करतो तो हाताने, लाकडी ठोकळ्यावर करतो. त्याला चुकलेलं माप कळवलंत तर पुढचा नग तरी सुधारेल.

प्रश्न घेऊया.

*(श्रोता: थ्रीडी स्कॅन करून प्रिंट केला तर हा सगळा प्रश्न सुटणार नाही का?)*

थोडा सुटतो. पण स्कॅनर प्रामाणिक असतो. पार्ट जसा आहे तसा उतरवतो, वाकलेला असेल तर वाकासकट. म्हणून डावा-उजवा दोन्ही स्कॅन करून ताडून बघा. ओतकामाच्या पॅटर्नसाठी प्रिंट उत्तम, कारण आकसण्याची वाढ संगणकावरच धरता येते. पण नेहमीचं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे जातो. डॅशबोर्डची बटणं करायची असतील तर एबीएस किंवा एएसए वापरा.

*(श्रोता: फट नेमकी किती ठेवायची? आजच्या गाड्यांसारखी ३ मिमी आणता येईल का?)*

आणता येईल, पण का आणायची? ती गाडी तशी नव्हतीच. ४ ते ६ मध्ये ठेवा, आणि आकड्यापेक्षा फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा. डोळ्याला रुंदी कळत नाही, निमुळतेपणा लगेच कळतो.

*(श्रोती: माझ्या वडिलांच्या गाडीला सगळं करून रंगही दिला आहे, आणि आता मागचा दरवाजा लागत नाही. आता काय?)*

रंग झालाय म्हणून घाबरू नका. आधी त्या दरवाज्याचं रबर पूर्ण काढा आणि दरवाजा लावून बघा. लागला तर पत्र्याला हात लावायची गरज नाही, मऊ रबर घ्या. नाही लागला तर कडेला पातळ चिकटपट्टी लावा, म्हणजे रंग वाचेल. मग दरवाजा उचलून बिजागरीत खेळ आहे का बघा. तिथेही काही नसेल तर दोन्ही बाजूंचे कर्ण मोजून मला कळवा. ग्राइंडरवाल्याला मात्र तोपर्यंत घरी बोलावू नका.